पुस्तक प्रदर्शनात स्टॉल घ्यावा की गप घरी बसावं?

कागदी_होडी (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि माझी वहिनी मिळून इंदिरानगरच्या घराच्या मागच्या खोलीतून छोटं प्रकाशन चालवतो. सहा वर्षांत चौदा पुस्तकं झाली. निम्मी मुलांची, तीन जुन्या नाशिकच्या वाड्यांवरची आणि गल्ल्यांवरची, एक द्राक्षाच्या छाटणीवरचं (खपतं ते हेच), बाकी कविता. कवितांबद्दल कृपया विचारू नये.

गेल्या वर्षी गावातल्याच एका प्रदर्शनात पाच दिवस स्टॉल घेतला. दहा बाय दहाची जागा, दोन टेबलं, चार खुर्च्या, एक ट्यूबलाइट. भाडं १६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २,८८०. टेम्पो जाऊन-येऊन २,४००. मदतीला एक मुलगा, रोजचे ५०० प्रमाणे २,५००. चहा, मिसळ, पाणी १,५००. एकूण २५,२८०.

विक्री ३१,४४० झाली. पहिल्या रात्री घरी पेढे आणले. मग वहिनीनं वही काढली. २० टक्के सवलत देऊन ३१,४४०, म्हणजे छापील किमतीनं ३९,३०० ची पुस्तकं गेली. छपाईला साधारण ३० टक्के, लेखकाचं मानधन १० टक्के. हे १५,७२० वजा केले की हातात उरतात १५,७२०. त्यातून खर्च वजा केला की साडेनऊ हजारांचा खड्डा. पेढे वेगळे.

आता माझ्यापुढं दोन अर्ज पडलेत. एक बाहेरगावच्या मोठ्या प्रदर्शनाचा, नऊ दिवसांचा, भाडं दुपटीच्या वर. दुसरा जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवाचा, दोन दिवसांचा, तिथं वाचनालयांची माणसं येतात म्हणे. वहिनी दोन्हीला नाही म्हणतेय. दादा 'बघा तुमचं तुम्ही' म्हणतो. मला जायचंय, पण का जायचंय ते नीट सांगता येत नाहीये. ज्यांनी स्टॉल लावलेत त्यांनी खरं काय ते सांगा.

नुसताच_वाचक (सोमवार, रात्री ९.५२)

पेढे कुणाकडचे?

रविवार_कारंजा (सोमवार, रात्री १०.३०)

होडीसाहेब, मी वीस-बावीस वर्षं पुस्तकांच्या धंद्यात काढली. आधी दुसऱ्याच्या दुकानात, मग स्वतःचं, आता मुलगा बघतो. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानापासून ते तालुक्याच्या शाळेच्या पटांगणापर्यंत सगळीकडं टेबल लावलंय. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण टेबल कसं लावलं होतं ते तुम्ही सांगितलं नाही. धंदा तिथंच ठरतो.

पहिली गोष्ट, सगळे प्रवेशद्वाराजवळची जागा मागतात. मी कधी घेतली नाही. माणूस आत शिरतो तेव्हा चालण्याच्या वेगात असतो, पहिली चार-पाच टेबलं नजरेखालून नुसती जातात. तिसऱ्या-चौथ्या रांगेत पाय मंदावतात. कोपऱ्याची जागा मिळाली तर सोनं, दोन बाजूंनी माणूस उभा राहतो. खाण्याच्या गाड्यांसमोर चुकूनही घेऊ नका. गर्दी भरपूर असते, पण सगळ्यांच्या बोटांना तेल.

दुसरी, टेबलामागं खुर्ची टाकून बसू नका. आपण बसलो की समोरच्याला उगाच परीक्षेला आल्यासारखं वाटतं. बाजूला उभं राहा, हातात फडकं घ्या, पुस्तकं पुसत राहा.

तिसरी मला माझ्या पहिल्या मालकानं शिकवली. गिऱ्हाईक पुस्तक उचलतं, मुखपृष्ठ बघतं, मग उलटं करतं. मलपृष्ठावरचा मजकूर वाचायला उलटं करतात असं लेखकांना वाटतं. ते किंमत बघतात. किंमत पटली तर पुस्तक हातात राहतं. नाही पटली तर ते तसंच उलटं टेबलावर ठेवून माणूस पुढं सरकतो, सरळ करून ठेवायचंही भान राहत नाही. मालक दर तासाला उलटी पुस्तकं मोजायचे आणि वहीत नाव लिहून मगच सरळ करायचे. ज्या पुस्तकाचं नाव वहीत पुन्हा पुन्हा येतं त्याचं मुखपृष्ठ चांगलं आणि किंमत चुकलेली. ज्याचं कधीच येत नाही त्याचं मुखपृष्ठच बदला. एवढी माहिती घरबसल्या कोण देणार तुम्हाला?

नुसताच_वाचक (सोमवार, रात्री १०.३८)

उलटं ठेवून जाणारा तो माणूस मीच. आज पकडला गेलो.

हिशेबनीस (सोमवार, रात्री ११.०५)

धागाकर्त्याच्या वहिनींना माझा नमस्कार कळवा. छपाई आणि मानधन वजा करून बघणारे प्रकाशक मी फार थोडे पाहिलेत.

एक भर घालतो. छापील पुस्तकावर जीएसटी नाही म्हणून सगळे खूश असतात. पण विक्री करमुक्त असल्यामुळेच भाड्यावर भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. ते २,८८० गेले ते गेलेच. अर्ज भरताना भाडं नेहमी कर धरूनच मनात घ्या.

टिकोजीराव (मंगळवार, सकाळी ७.१५)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. स्टॉल वगैरे प्रकार संपलाय. पाच दिवस धूळ खायची, घसा बसवायचा, वर साडेनऊ हजार घालवायचे कशासाठी? फोनवर चार चांगले फोटो टाका, पैसे क्यूआरवर घ्या, पुस्तक पोस्टानं पाठवा. १ मे २०२५ पासून पोस्टाची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ना टेम्पो, ना मुलगा, ना मिसळ.

तिरकस (मंगळवार, सकाळी ७.४०)

नाशिकमध्ये 'ना मिसळ' हा फायदा म्हणून सांगणारा माणूस प्रथमच पाहिला.

टेम्पो_अण्णा (मंगळवार, सकाळी ९.२०)

पुस्तकं वाहण्याबद्दल मी सांगू शकतो, तोच माझा धंदा. लोक टीव्हीच्या नाहीतर मिक्सरच्या खोक्यात पुस्तकं कोंबतात. खोकं ४० किलोचं होतं, तळ सुटतो, वर माझ्या पोरांच्या कमरेचं काम होतं. द्राक्षाची पेटी उथळ पडते. सगळ्यात भारी म्हणजे वाइनचं बारा बाटल्यांचं खोकं. जाड पुठ्ठा, आकार बेताचा, एका माणसाला उचलतं. आतली खणांची जाळी काढून टाकायची. आपल्याकडं वाइनरीवाल्यांच्या कृपेनं पाहिजे तेवढी मिळतात.

फक्त एक. एका वाचनालयाच्या कार्यक्रमाला मी अशीच सोळा खोकी उतरवली. अध्यक्ष गेटवर हार घेऊन उभे होते. खोकी बघून त्यांचा चेहरा जो काही झाला भो! उघडून दाखवलं तेव्हा आत निघाली बालसंस्काराची पुस्तकं.

सायखेडा_फाटा (मंगळवार, सकाळी १०.०२)

=)) =)) अण्णा, दिवस सार्थकी लागला.

ग्रंथपाल_काकू (मंगळवार, दुपारी ३.१०)

मी निफाड भागातल्या एका 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. टेबलाच्या अलीकडून सगळे बोललात, आता पलीकडून ऐका.

टिकोजीराव म्हणतात तसे फोनवरचे फोटो आम्हालाही येतात, दिवसाला वीस. त्यावर एखादा वाचक घेईल, वाचनालयाची खरेदी तशी होत नाही. आपल्याकडं १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, त्याखाली मान्यता आणि अनुदान मिळतं, आणि प्रत्येक रुपयाचं बिल तपासणीला दाखवावं लागतं. अनुदान दोन हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता यायचा तो वर्ष संपता संपता. मग मार्चमध्ये आमची जी पळापळ होते तिला खरेदी म्हणावं की आणखी काही, देव जाणे. त्या वेळी हाताशी यादी आणि बिल देणारा माणूस असेल त्याचीच पुस्तकं येतात.

वितरक हुशार असतात, त्यांना हे पाठ आहे. एक जण दरवर्षी सवलत भरघोस देतो, पण गठ्ठ्यात काय घालायचं ते तोच ठरवतो. एकदा आमच्याकडं एकाच पाककृतीच्या पुस्तकाच्या चार प्रती आल्या. गावातल्या बायका हसल्या. म्हणाल्या, काकू, चौघींनी एकदम केली तरी ती वडी जमायची नाही.

म्हणून मी ग्रंथोत्सवाला जातेच. पण होडी, मी तिथं रोख काहीच घेत नाही. माझ्या पर्समध्ये पैसे नसतात, समितीचा ठराव असतो. मी टेबलांवरून फिरते, पुस्तक उचलते, मधोमध उघडते आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबते. शिवलेलं असेल तर ते शहाण्या माणसासारखं पसरतं. नुसतं चिकटवलेलं असेल तर 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज आला की मी ठेवून देते, मजकूर कितीही गोड असो. आमच्याकडं एक पुस्तक वर्षात वीस-पंचवीस हातांतून जातं, दिवाळीपर्यंत त्याची पानं सुटी होतात.

पसंत पडलं तर मुखपृष्ठाचा आणि आतल्या माहितीच्या पानाचा फोटो काढते, पुढं निघते. महिन्या-दोन महिन्यांनी ती नावं वितरकाला सांगते, कारण बिल एकच झालं की दाखल नोंदवहीत घ्यायला सोपं जातं. त्या फोटोंतली पाच पुस्तकं तुमची असतील तर तुमच्या वहीत त्या दिवशी शून्य लिहिलं जाणार. वहिनींना म्हणावं, ग्रंथोत्सवाचा हिशेब एप्रिलमध्ये मांडा.

रविवार_कारंजा (मंगळवार, दुपारी ३.३५)

काकू, 'टक्' ऐकून अंगावर काटा आला. आम्ही विकणारे हे कधी करतच नाही.

कागदी_होडी (मंगळवार, रात्री ८.५०)

काकू, तुमचा प्रतिसाद वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवला. आम्ही लगेच कपाटातली चौदाच्या चौदा काढून अंगठ्यानं दाबली. अकरा 'टक्'. मुलांची तीन शिवलेली निघाली, तीही छापखान्याच्या मेहेरबानीनं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

एक शंका. शासनमान्य ग्रंथांच्या यादीत नाव असल्याशिवाय वाचनालयं घेतच नाहीत, असं एकानं सांगितलं. खरं का?

ग्रंथपाल_काकू (मंगळवार, रात्री ९.३०)

यादीत असलं तर सोपं जातं, ग्रंथालय संचालनालयाकडं वेळेत प्रती पाठवत जा. पण गावातल्या वाचकानं मागितलं तर आम्ही वेगळंही घेतो. यादीपेक्षा अडतं ते साध्या गोष्टींवर. पुस्तकावर वर्ष नसतं, आवृत्ती नसते, आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, नसतो. तो तर आपल्याकडं फुकट मिळतो ना? तुमची एक पानाची यादी करून आणा. नाव, लेखक, वर्ष, पानं, किंमत, विषय, वाचनालयाला सवलत किती, शिवलेलं आहे का. फोटोपेक्षा तो कागद माझ्या पर्समध्ये जास्त टिकतो.

आणि छाटणीच्या पुस्तकाच्या मला दोन प्रती हव्यात. आमच्या गावात कवितेला गिऱ्हाईक कमी, कात्रीला जास्त.

पंचवटी_ते_पॅसिफिक (बुधवार, पहाटे ४.२०)

मी मूळची पंचवटीची, गेली अठरा वर्षं अमेरिकेत एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. काकूंचा प्रतिसाद वाचून हसू आलं, कारण इकडंही गोष्ट तीच आहे, फक्त गालिचा जाड.

इथल्या ग्रंथालय संघटनेचं, म्हणजे अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं, दरवर्षी उन्हाळ्यात अधिवेशन भरतं. संघटना १८७६ ची. अधिवेशनाला जोडून प्रकाशकांचं मोठं प्रदर्शन असतं, त्यात पुस्तकांबरोबर कपाटं, संगणक प्रणाली, अगदी फिरती वाचनालयं म्हणजे पुस्तकांच्या गाड्याही उभ्या असतात. तिथं प्रकाशकाचा माणूस पुस्तक विकायला उभा नसतोच. पुढच्या तीन-सहा महिन्यांत येणाऱ्या पुस्तकांच्या कच्च्या छापील प्रती तो फुकट वाटतो. आम्ही पिशव्या भरभरून नेतो, इतक्या की तिथंच पार्सल करून घरी पाठवायची सोय करावी लागते. शेवटच्या दिवशी मांडलेली पुस्तकं परत न्यायचा खर्च नको म्हणून अगदी स्वस्तात काढतात, तेव्हा शिस्तीच्या ग्रंथपाल बायका कशा धावतात ते बघण्यासारखं असतं. मीही धावते.

खरेदी नंतर होते, घाऊक पुरवठादाराकडून, परीक्षणं वाचून. प्रकाशकाला काउंटरवर एक पैसा मिळत नाही. तरी तो एवढा खर्च करतो, कारण पुढच्या हंगामात यादी करताना मला त्याचं पुस्तक आठवावं. आणि अगदी छोटे प्रकाशक स्वतंत्र जागा घेतच नाहीत. पाच-दहा जण मिळून एक जागा घेतात, नाहीतर कुणाच्या तरी एकत्रित मांडणीत आपलं एकेक पुस्तक पैसे भरून ठेवतात. होडी, तुम्हाला दहा बाय दहाची अख्खी जागा चौदा पुस्तकांना कशाला लागते?

तिरकस (बुधवार, सकाळी ८.०५)

म्हणजे तिकडं फुकटची पुस्तकं घ्यायला ग्रंथपाल विमानानं येतात. इकडं फुकट म्हटलं की कवीची भावकी येते.

कॉलेज_रोड (बुधवार, सकाळी ८.४५)

वाचक म्हणून लिहिते. आमच्या भिशीच्या गटात कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेची पेटी येते. २००९ पासून चाललेला उपक्रम आहे, पेटीत २५ पुस्तकं. काही महिन्यांनी पेटी बदलते. बरेच प्रकाशक म्हणतात, असं फुकट वाचायला मिळालं की लोक विकत घेत नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. पेटी परत जाते तेव्हा एखादं पुस्तक सोडवत नाही, मग प्रदर्शनात मी तेच शोधत फिरते, आणि नेमकं तेच नसतं. टेबलावर सगळी नवी. गेल्या वर्षी एका स्टॉलवर जुनं पुस्तक मागितलं तर तिथला मुलगा मोबाइलमधून मान वर न करता 'संपलं' म्हणाला. त्याच्याच कोपराखाली होतं.

दिल्लीत_नाशिककर (बुधवार, सकाळी ११.३०)

मोठ्या प्रदर्शनाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दिल्लीचा जागतिक पुस्तक मेळा नॅशनल बुक ट्रस्ट भरवतं, १९७२ पासून. आधी एक वर्षाआड असायचा, २०१३ पासून दरवर्षी. मी एका मित्राच्या मराठी स्टॉलवर दोन वर्षं उभा होतो. आठवडाभर लोक हिंदीत विचारतात, 'इसका हिंदी में है क्या?' रविवारी दिल्लीतली मराठी कुटुंबं येतात, पोरांना बळेच बालगीतांचं पुस्तक घेऊन देतात, चकलीचा स्टॉल कुठंय विचारतात. मित्राचा खर्च निघाला नाही. पण दुसऱ्या वर्षी एक हिंदी प्रकाशक टेबलाशी थांबला आणि मुलांच्या एका पुस्तकाचे अनुवादाचे हक्क घेऊन गेला. सगळ्या नऊ दिवसांच्या विक्रीपेक्षा ती रक्कम मोठी होती.

जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या पुस्तक मेळ्यात तर मुख्य धंदाच हक्कांचा. तिथं अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी आधीच ठरलेल्या असतात. भारत तिथं दोनदा पाहुणा देश होता, १९८६ आणि २००६ ला.

होडी, तुम्ही मुलांची पुस्तकं करता ना? चित्रं कुणाची आहेत, हक्क तुमच्याकडं आहेत का, ते कागदावर आहे का?

कागदी_होडी (बुधवार, दुपारी १.१५)

चित्रं वहिनीची. हक्क तिच्याकडंच. कागदावर काही नाही, घरातल्या घरात कशाला असं वाटलं.

हिशेबनीस (बुधवार, दुपारी १.१८)

आज संध्याकाळी कागदावर आणा. दादांना साक्षीदार करा, त्यांनाही काहीतरी काम.

आडगावकर (बुधवार, रात्री ९.००)

विषय प्रदर्शनांचा निघालाच आहे तर, २०२१ चं ९४वं साहित्य संमेलन आमच्या आडगावला झालं, नारळीकर सर अध्यक्ष होते. डिसेंबरच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस, थंडी, आणि तशात मी तिन्ही दिवस ग्रंथप्रदर्शनात. थैली भरली की गाडीच्या डिकीत रिकामी करून यायची, परत आत. बायको म्हणाली, घरात पुस्तकं ठेवायला जागा नाही, तू आता डिकीतच राहा.

सायखेडा_फाटा (बुधवार, रात्री ९.२५)

पावसावरून आठवलं. कोणतं प्रदर्शन ते सांगत नाही, पण मी एका मांडवात मित्राला मदत करत होतो. रात्री वारा सुटला. सगळ्यांनी टेबलांवर प्लॅस्टिक टाकलं आणि निवांत झोपायला गेलो. पाणी वरून आलंच नाही, खालून आलं. मैदानाला उतार होता, आणि उरलेली खोकी टेबलाखाली जमिनीवर. सकाळी उचलायला गेलो तर खोकं वर आलं आणि पुस्तकं खालीच राहिली. तेव्हापासून मी कुठंही गेलो तरी आधी चार विटा आणि एक फळी मागतो.

टेम्पो_अण्णा (बुधवार, रात्री ९.३१)

विटा माझ्या टेम्पोत कायम असतात. भाडं लावत नाही.

शालिमारचा_शहाणा (गुरुवार, सकाळी ६.५०)

२०२७ मध्ये सिंहस्थ आहे, सगळी मैदानं, सगळे मांडववाले, सगळे टेम्पो तिकडं. काय लावायचे ते स्टॉल आत्ताच लावून घ्या. बाकी गावात १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय असताना ग्रंथपालांना भेटायला गावाबाहेर कशाला जायचं, मला कळत नाही. टिळक पथावर जा, आत जाऊन नमस्कार करा.

टिकोजीराव (गुरुवार, सकाळी ८.३०)

सगळं वाचलं. तरी माझा मुद्दा शिल्लक आहेच. काकू, तुम्हाला ती एक पानाची यादी पोस्टानं आली तर चालणार नाही का? त्यासाठी दोन दिवस घालवायलाच हवेत?

ग्रंथपाल_काकू (गुरुवार, दुपारी २.४५)

यादी चालेल की. पण अंगठा पोस्टानं कसा पाठवू?

टिकोजीराव (गुरुवार, दुपारी २.५०)

हा मात्र बिनतोड. वाचनालयांपुरती माघार. वाचकांच्या बाबतीत मी अजून फोनच म्हणेन.

कागदी_होडी (शुक्रवार, रात्री १०.१०)

ठरलं. बाहेरगावचा मोठा अर्ज फाडला. ग्रंथोत्सवाला जातोय, पण अर्ध्या जागेत. सिडकोतला एक प्रकाशक मित्र आहे, त्याची सगळी विज्ञानाची पुस्तकं. त्याचं एक टेबल, आमचं एक, भाडं निम्मं-निम्मं. वहिनी म्हणाली, मी येते, पण खुर्ची नको, फडकं आण.

कागदी_होडी (अडीच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ११.२०)

धागा वर काढतोय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

दोन दिवसांत विक्री ६,१०० ची. भाड्याचा वाटा, टेम्पो, चहा धरून खर्च ५,४००. छपाई-मानधन वजा केलं की यंदाही खड्डाच, पण उडी मारून ओलांडता येईल एवढा.

वहीत उलट्या पुस्तकांची नोंद ठेवली. वाड्यांवरचं मोठं पुस्तक, किंमत ४५०, दोन दिवसांत ३१ वेळा उलटं. छाटणीचं नऊ वेळा. कवितासंग्रह एकदाही नाही, म्हणजे कुणी उचललाच नाही. रविवार_कारंजा, तुमच्या मालकांना माझा दंडवत. वाड्यांच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती आता दोन भागांत, शिवून, प्रत्येकी २२० ला करायचं मनात आहे.

वाचनालयांच्या सतरा माणसांनी यादी नेली. त्यातल्या अकरा जणांनी अंगठ्यानं पुस्तक दाबलं. मी मोजत होतो. एका बाईंनी छाटणीचं पुस्तक दाबलं, 'टक्' झालं, माझ्याकडं बघितलं, आणि वहिनी लगेच म्हणाली, "पुढची आवृत्ती शिवलेली आहे, मार्चच्या आत येईल." छापखान्याला आम्ही अजून फोनही केला नव्हता. त्या बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि आमच्या यादीवर त्या नावासमोर 'मार्च' असं लिहून ठेवलं. आज छापखान्यात जाऊन आलो, शिलाईचे प्रतीमागे जास्तीचे पैसे ठरवून. विकले गेलो तर छाटणीच्याच नावानं.

काकू, तुम्ही भेटाल वाटलं होतं, दिसला नाहीत.

ग्रंथपाल_काकू (सोमवार, सकाळी १०.४०)

पेन काढणारी मीच, होडी. तुम्ही मला 'ताई, चहा घेणार का' विचारलंत. ओळख मुद्दाम दिली नाही. ओळख दिली की माणसं सवलत वाढवतात आणि पुस्तक दाबू देत नाहीत. मार्चला आठवण करीन. मित्राच्या विज्ञानाच्या पुस्तकांत दोन चांगली होती, त्याला सांगा मलपृष्ठावर वर्ष नाही, आतही नाही.

नुसताच_वाचक (सोमवार, सकाळी ११.०५)

छाटणीच्या नऊ उलट्यांतली एक माझी. दुसऱ्या दिवशी दुपारी. किंमत बघितली, उलटं ठेवलं, पुढं गेलो, भजी खाल्ली, परत येऊन घेतलं. पान ४२ वर तेलाचा डाग आहे.